एआय एजंट पुन्हा पुन्हा ‘असा डेटा नाही’ म्हणतो: शोध टूलचं डॉक्युमेंटेशन कसं दुरुस्त करायचं

डेटा ॲनालिटिक्सच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडला की एक तक्रार हमखास येते, आणि मिटवली तरी महिन्याभरात परत येते. पणजीच्या ऑफिसातून कुणीतरी चॅटमध्ये विचारतं, ‘पेडण्याच्या हॉटेलची मे महिन्यातली ऑक्युपन्सी किती होती?’ एजंट थोडी शोधाशोध करतो आणि अगदी नम्रपणे कळवतो, की पेडण्यासाठी ऑक्युपन्सीचा (किती खोल्या भरल्या होत्या त्याचा) डेटा उपलब्ध नाही. डेटा असतो. त्यावरचा डॅशबोर्ड फ्रंट ऑफिसवाले रोज सकाळी उघडतात. एरर कुठेच आलेली नसते, सर्व्हर मजेत चालू असतो. मग तक्रार आयटीकडे जाते, आयटीवाले ‘आमच्या बाजूने सगळं ओके आहे’ म्हणतात, आणि गाडं तिथेच अडतं.

याच दुखण्याची आणखी दोन रूपं आहेत. एकात एजंट तेच शब्द उलटेपालटे करून शोधत बसतो. वापरणाऱ्याला नुसतं ‘शोधत आहे…’ दिसतं आणि टोकनचं (मॉडेल वाचतं-लिहितं त्या मजकुराच्या तुकड्यांचं) बिल वाढतं. दुसऱ्यात त्याला काहीतरी सापडतं, पण भलतंच. कुणीतरी कधीकाळी प्रयोगासाठी काढलेली डॅशबोर्डची कॉपी, जिच्यात निम्मीच हॉटेलं आहेत. आकडा येतो, टक्केवारीसकट येतो आणि मीटिंगमध्ये वाचलाही जातो. माझ्या मते तिन्हींत हे सगळ्यांत वाईट, कारण याची तक्रारच येत नाही.

तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. शोधाचं टूल (एजंट ज्याला बोलावून माहिती मागवतो तो छोटा प्रोग्राम) कुठे शोधतं, कुठे शोधत नाही आणि रिकाम्या हाताने परत आलं तर त्याचा अर्थ काय, हे एजंटला कुणी सांगितलेलंच नसतं. आपण मात्र सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला आधीच दिलेल्या सूचनांत, ‘नीट शोध’, ‘घाई करू नकोस’, ‘खात्री केल्याशिवाय नाही म्हणू नकोस’ अशी वाक्यं वाढवत जातो. त्याने काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खालचं सगळं हॉटेलच्या डेटावर काम करताना जमलेलं आहे. सॉफ्टवेअर मेटाबेस असो, सुपरसेट असो की घरीच बांधलेलं काही, शोधाच्या टूलचं दुखणं सगळीकडे सारखंच असतं.

आधी लॉग उघडा, प्रॉम्प्टला हात लावू नका

एजंटने टूल बोलावलं का, बोलावलं तर कुठले पॅरामीटर दिले, आणि टूलने नेमका काय मजकूर परत केला, एवढंच आधी बघायचं. हा मजकूर जसाच्या तसा बघा, डॅशबोर्डवरचा त्याचा सारांश नको.

टूल बोलावलंच नसेल तर दोष नावाचा किंवा वर्णनाचा आहे. एजंटला हे टूल या कामाचं आहे असं वाटलंच नाही. बऱ्याचदा शेजारी थेट एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) चालवणारं दुसरं टूल असतं आणि एजंट टेबलाचं नाव अंदाजाने ठोकून तिकडेच धावतो. टूल बोलावलं पण शोधशब्द विचित्र असेल, तर पॅरामीटरचं वर्णन अपुरं आहे. शोधशब्द ठीक आहे पण उत्तर रिकामं आलं, तर दोष इंडेक्सचा (शोधासाठी आधी केलेल्या सूचीचा), स्पेलिंगचा किंवा परवानगीचा. आणि उत्तर बरोबर येऊनही एजंटने चुकीचं निवडलं असेल, तर निकालात निवड करण्यापुरती माहितीच नाही.

यातलं आपलं प्रकरण कुठलं ते कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मी बघितलेल्या प्रकरणांत दुसरं आणि तिसरं हातात हात घालूनच येतात.

एजंटला नेमकं काय दिसतं

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. आता बरीचशी ॲनालिटिक्स टूलं त्याच वाटेने एजंटला जोडली जातात. त्यात टूल म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी: नाव, वर्णन आणि इनपुटची जेसॉन स्कीमा (कुठले पॅरामीटर कसे द्यायचे त्याचा साचा). एजंटला तुमची विकी दिसत नाही, ट्रेनिंगची पीपीटी दिसत नाही, ‘अरे, तो जुना डॅशबोर्ड वापरू नको हां’ असं जेवणाच्या सुट्टीत बोललेलं तर अजिबातच दिसत नाही. त्याच्यासाठी डॉक्युमेंटेशन म्हणजे वर्णनातल्या त्या चार ओळी आणि टूलने परत केलेला मजकूर.

आमच्याकडे सुरुवातीला कॅटलॉग, म्हणजे सगळ्या टेबलांची आणि डॅशबोर्डची यादी, शोधणाऱ्या ‘सर्च_कॅटलॉग’ या टूलचं वर्णन होतं ‘ॲनालिटिक्समधला डेटा शोधतं.’ बस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नवख्या माणसाला ‘इथे वस्तू मिळतात’ एवढीच पाटी दाखवावी, तशातली गत. मासळी कुठल्या बाजूला, चोरिसो कुठे, मातीची भांडी कुठे, काही पत्ता नाही.

ते बदलून जे लिहिलं ते असं:

‘कॅटलॉगमधली टेबलं, डॅशबोर्ड आणि मेट्रिक शोधतं. फक्त नाव, वर्णन आणि टॅग यांत शोधतं; टेबलाच्या आतल्या ओळींत शोधत नाही. त्यामुळे तारीख, महिना, वर्ष, गेस्टचं नाव किंवा बुकिंग नंबर शोधशब्दात देऊ नये. शोधशब्द एक ते तीन असावेत, इंग्रजीत असावेत. हॉटेलचं किंवा तालुक्याचं नाव चालतं. शून्य निकाल आले म्हणजे डेटा नाही असं समजू नये. एक शब्द कमी करून पुन्हा शोधावं, आणि तरीही काही मिळालं नाही तर विषयांची यादी देणारं टूल वापरावं. आकडे या टूलमधून मिळत नाहीत. निवडलेल्या टेबलाचा आयडी घेऊन क्वेरीचं टूल वापरावं.’

यातली ‘नाही’ची वाक्यं मोजून बघा. चांगल्या माणसाला काम समजावताना आपण काय करायचं ते सांगतो आणि बाकीचं तो बघून घेतो. एजंटचं उलट आहे. जी गोष्ट टूल करत नाही ती लिहिली नाही, तर ती होत असेल असं धरूनच तो चालतो.

भाषेबद्दल एक वाक्य मुद्दाम घातलं आहे. आमच्याकडे प्रश्न मराठीत येतात, कोकणीत येतात, इंग्रजीत येतात, आणि पुष्कळदा तिन्हींची भेळ असते. मॉडेलला ते सगळं समजतं. पण कॅटलॉग इंग्रजीत आहे, रोमन लिपीत आहे, आणि शोधाच्या इंजिनला भाषांतर येत नाही. ‘शोधशब्द इंग्रजीत’ एवढं लिहिलं की एजंट ‘खोल्यांची विक्री’चं ‘रूम सेल्स’ स्वतःच करून घेतो.

अख्खं वाक्य शोधलं की शून्य

एजंट स्वभावाने बडबडा. त्याला मोकळा मजकूर लिहायला पॅरामीटर दिला, की तो ‘पेडणे हॉटेल ऑक्युपन्सी मे २०२५ मासिक सरासरी’ असं सगळं एकदम टाकतो. वेबवरच्या सर्च इंजिनला हे चालतं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या फुल टेक्स्ट सर्चला चालत नाही. तिथे ‘प्लेनटू_टीएसक्वेरी’ वापरलं असेल तर सगळे शब्द ‘आणि’ने जोडले जातात, म्हणजे दिलेला प्रत्येक शब्द एकाच नोंदीत असायला हवा. डॅशबोर्डच्या नावात ‘मे २०२५’ असण्याचं काही कारणच नाही, त्यामुळे निकाल शून्य. जितके जास्त शब्द तितकी शून्याची खात्री, आणि एजंट मात्र शून्य आलं की शब्द वाढवतो. लूप तयार होतो तो इथे.

दुरुस्ती दोन बाजूंनी करावी. वर्णनात शब्दांची मर्यादा लिहायची, आणि सर्व्हरवर आधी सगळ्या शब्दांनी शोधून काही मिळालं नाही तर ‘किंवा’ने जोडून पुन्हा शोधायचं. दुसऱ्या फेरीतले निकाल असतील तर तसं उत्तरात स्पष्ट लिहायचं: ‘सगळे शब्द जुळणारी नोंद नाही; हे अंशतः जुळणारे निकाल आहेत.’ हे वाक्य नसेल तर अंशतः जुळलेलंच एजंट खरं मानतो, आणि आपण तिसऱ्या रूपाच्या दुखण्याला आमंत्रण देतो.

पेडणे, पेर्नेम आणि ०.३

आता मुख्य गुन्हेगार. गोव्यातल्या जागांची नावं.

मराठीत प्रश्न आला, ‘पेडणे’. एजंटने वर्णन वाचलं, शोधशब्द इंग्रजीत हवेत, म्हणून त्याने इमानेइतबारे रोमन लिपीत ‘पेडणे’ लिहिलं. कॅटलॉगमध्ये आहे ‘पेर्नेम’. डिचोली म्हणजे बिचोलिम, सासष्टी म्हणजे सालसेत, बारदेश म्हणजे बार्देझ, केपे म्हणजे क्वेपेम, सांगे म्हणजे सांगुएम, काणकोण म्हणजे कॅनाकोना. पोर्तुगीज काळापासून कागदोपत्री चालत आलेली ही रूपं इंग्रजी कारभाराने तशीच पुढे नेली, आणि ती थेट आमच्या टेबलांच्या नावांत येऊन बसली. मडगावची तर आणखीच गंमत आहे. रेल्वे स्टेशनचं नाव ‘मडगाव’, शहराचं इंग्रजी नाव ‘मार्गाव’, त्यामुळे ट्रान्सफरच्या टॅक्सीचं टेबल एका नावाने आणि हॉटेलचं दुसऱ्या नावाने. एकाच कॅटलॉगमध्ये.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो फझी सर्चचा, म्हणजे थोडेफार वेगळे शब्दही जुळवणाऱ्या शोधाचा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ट्रायग्रॅमचं एक्स्टेन्शन आहे: शब्दाचे (आधी दोन आणि शेवटी एक मोकळी जागा धरून) तीन-तीन अक्षरांचे तुकडे करायचे आणि दोन शब्दांत किती तुकडे सामाईक आहेत ते बघायचं. साम्याची ठरीव पातळी ०.३ असते; त्याच्या वर असेल तर जुळलं. ऐकायला झकास. पण जरा हिशेब करून बघू.

रोमन लिपीत ‘पणजी’चे सात तुकडे होतात, ‘पंजिम’चेही सात. सामाईक तीन, आणि ते तिन्ही सुरुवातीच्या ‘पॅन’मुळे. एकूण वेगळे तुकडे अकरा. तीन भागिले अकरा म्हणजे साधारण ०.२७. राजधानीची दोन नावं, आणि पातळीच्या खाली! ‘पेडणे’ आणि ‘पेर्नेम’ यांच्यात सामाईक तुकडे दोनच, एकूण अकरा, म्हणजे ०.१८. मग पातळी खाली आणू म्हणाल. तर ‘पेर्नेम’ आणि इंग्रजी ‘पीरियड’ यांचं साम्य येतं ०.२७. म्हणजे पेडण्याला पकडण्याइतकी पातळी खाली आणली, तर पेर्नेम शोधणाऱ्याला ‘पीरियड’ नावाचं टेबलही मिळणार. डिचोली आणि बिचोलिमचं तर पहिलं अक्षरच वेगळं.

टायपिंगच्या चुकांसाठी ट्रायग्रॅम चांगलं आहे, ते असू द्या. गावांच्या नावांसाठी पर्यायी नावांचं साधं टेबल करा: एका रकान्यात कॅटलॉगमधलं रूप, दुसऱ्यात लोक वापरतात ती सगळी रूपं, देवनागरी आणि रोमन दोन्ही. गोव्यात तालुके १२. त्यांची, मोठ्या शहरांची आणि तुमच्या हॉटेलं असलेल्या किनाऱ्यांची नावं मिळून हे एका दुपारचं काम आहे. ‘कलंगुट’, ‘कळंगुट’ आणि रोमन स्पेलिंग, तिन्ही घाला. कोकणीतून विचारणारे ‘म्हापशें’ लिहितील, तेही घाला. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला यादी दाखवा. फ्रंट ऑफिसला बसणाऱ्यांना गेस्टनी काढलेली स्पेलिंगं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

ही यादी वर्णनात कोंबू नका. वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलकडे जातं, त्याचे टोकन दर वेळी मोजावे लागतात आणि लांबलचक यादीत वरच्या महत्त्वाच्या ओळी बुडून जातात. यादी सर्व्हरवर ठेवा. वर्णनात फक्त एवढं: ‘गोव्यातल्या जागांची मराठी, कोकणी व इंग्रजी नावं आपोआप जुळवली जातात.’ आणि निकालात दाखवा, ‘पेडणे’ हे ‘पेर्नेम’ धरून शोधलं. ती ओळ एजंट उत्तरात पुढे सांगतो आणि विचारणाऱ्याचाही गोंधळ वाचतो.

शून्याचे प्रकार

माझा सगळ्यांत जास्त आग्रह या भागाबद्दल आहे. बहुतेक शोध टूलं काही मिळालं नाही की रिकामी यादी परत करतात. दोन चौकोनी कंस, आत काही नाही. प्रोग्रामरला त्यातून जे कळायचं ते कळतं. एजंट त्याचा अर्थ ‘जगात असा डेटा नाही’ असा लावतो.

शून्य निदान चार कारणांनी येतं, आणि प्रत्येकाची पुढची पायरी वेगळी असते.

पहिलं, शब्द जुळले नाहीत. पुढची पायरी, शब्द कमी करणं. दुसरं, फिल्टर चुकलं. प्रकाराच्या पॅरामीटरला टेबल, डॅशबोर्ड आणि मेट्रिक एवढेच पर्याय असतात, आणि एजंट लिहितो ‘रिपोर्ट’. आपली लोकंही रिपोर्टच म्हणतात, त्याचा काय दोष! स्कीमात एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) देऊन चालणारे पर्याय बांधून टाका. तरीही चुकीची किंमत आली तर मुकाट्याने शून्य निकाल देऊ नका, चूक सांगा: ‘रिपोर्ट हा प्रकार नाही, चालणारे प्रकार टेबल, डॅशबोर्ड, मेट्रिक.’ एमसीपीमध्ये अशी चूक टूलच्या निकालातच, एररची खूण लावून परत करायची सोय आहे. तीच वापरा. प्रोटोकॉलच्या पातळीवर एरर फेकली तर ती मॉडेलपर्यंत पोचेलच याची खात्री नसते, आणि पोचली नाही तर तो सुधारणार काय?

तिसरं कारण परवानगीचं. हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरच्या लॉगिनने एजंट चालला असेल, तर पगाराची टेबलं शोधात येणारच नाहीत, आणि येऊही नयेत. पण ‘पगाराचा डेटा नाही’ आणि ‘तुम्हाला दिसत नाही’ यांत फरक आहे. आम्ही निकालाखाली कायमची एक ओळ ठेवली: ‘निकाल वापरणाऱ्याच्या परवानगीपुरते मर्यादित आहेत.’ किती लपले ते सांगत नाही. काही ठिकाणी तो आकडासुद्धा सांगण्याजोगा नसतो. एवढ्या ओळीनेही एजंट ‘नाही’ऐवजी ‘तुमच्या लॉगिनला दिसत नाही, अकाउंट्सकडे विचारा’ म्हणायला लागतो.

चौथं शून्य शोधाचं नाहीच, डेटाचं आहे. किचनच्या खरेदीचं टेबल घ्या. त्यात ट्रॉलरच्या मासळीची खरेदी जून-जुलैमध्ये शून्य. एजंटने सरळ निदान केलं, की दोन महिन्यांचा डेटा गहाळ आहे, पाइपलाइन तपासा. आता गोव्यात कुणाही शेंबड्या पोराला ठाऊक आहे, की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. एकसष्ट दिवस ट्रॉलर धक्क्यालाच. मॉडेललाही विचारलं तर बंदीबद्दल सांगेल. पण टेबल बघताना ते त्याच्या मनात येत नाही. उपाय सोपा, टेबलाच्या वर्णनात एक वाक्य: ‘१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीमुळे ट्रॉलर खरेदी शून्य असते, ही गहाळ नोंद नव्हे.’ आणि शोधाच्या निकालात ते वर्णन आलं पाहिजे.

तेव्हा रिकाम्या निकालाचा मजकूर साधारण असा असावा: ‘० निकाल. शोधलेले शब्द: अमुक. फिल्टर: डॅशबोर्ड. फिल्टर काढल्यास ३ निकाल आहेत.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी सर्व्हरला एक जादा क्वेरी करावी लागते. करा. एजंटच्या चार फेऱ्या वाचतात.

दहाच निकाल का?

यावर थोडक्यात. टूल वरचे दहा निकाल देतं आणि एकूण किती होते ते सांगत नाही, तर एजंट दहाच आहेत असं मानतो. एकूण संख्या द्या, पुढचं पान कसं मागायचं ते लिहा. क्रम कशाने लावला तेही लिहा. वर्णमालेच्या क्रमाने लावलेले निकाल म्हणजे ‘कॉपी ऑफ’ने सुरू होणाऱ्या सगळ्या जुन्या डॅशबोर्डना वरची जागा. प्रत्येक निकालात आयडी, नाव, एका ओळीचं वर्णन, शेवटचं अपडेट, एक ओळ म्हणजे काय (एक बुकिंग, की एक रूम-नाइट म्हणजे एका खोलीची एक रात्र, की एक दिवस) आणि अधिकृत आहे की नाही, एवढं पुरे. सगळे रकाने इथेच ओतू नका, त्यासाठी तपशील देणारं वेगळं टूल ठेवा.

‘एक ओळ म्हणजे काय’ हे मात्र गाळू नका. बुकिंगच्या टेबलात तीन रात्रींची एक ओळ आणि रूम-नाइटच्या टेबलात तीन ओळी. एजंटने पहिल्यावरून ऑक्युपन्सी काढली की आकडा कोसळतो आणि कुणाला कारण सापडत नाही.

टूल सुधारलं, तरी उत्तर चुकतं: दाबोळी, मोपा आणि फोंडा

शोधाचं टूल उत्तम लिहिलं तरी ते टेबलांचीच वर्णनं वाचून दाखवणार. ती रिकामी असतील, तर टूल काय करणार?

आमच्याकडे पाहुण्यांच्या आगमनाचं एक टेबल आहे, नाव ‘गोवा एअरपोर्ट अरायव्हल्स’. त्यावरून एजंटने निष्कर्ष काढला, की जानेवारी २०२३ पासून विमानाने येणारे गेस्ट झपाट्याने कमी झाले, मार्केटिंग वाढवावं. मॅनेजर संतापले, ‘अरे, हॉटेल भरलेलं आहे, आणि हा काय सांगतोय?’ टेबलात फक्त जीओआय हा कोड होता, म्हणजे दाबोळी. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ ला उड्डाणं सुरू झाली आणि त्याचा कोड आहे जीओएक्स. ते आगमन दुसऱ्या टेबलात जात होतं. टेबल करणाऱ्याने नाव ठेवलं तेव्हा गोव्यात प्रवाशांसाठी विमानतळ एकच होता, ‘गोवा एअरपोर्ट’ म्हणणं बरोबरच होतं. वर्णनात आता आहे: ‘फक्त दाबोळी, कोड जीओआय. मोपा वेगळ्या टेबलात, आयडी अमुक. गोव्याच्या एकूण आगमनासाठी दोन्हींची बेरीज करावी.’ शोधात यातलं कुठलंही टेबल आलं, की दुसऱ्याचा आयडीही समोर येतो.

दुसरं उदाहरण जिल्ह्याचं. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत फोंडा तालुका उत्तर गोव्यात आहे आणि तालुके ११ आहेत. जानेवारी २०१५ मध्ये फोंडा दक्षिण गोव्यात गेला. जनगणनेचे आकडे आणि आजची हॉटेलं जिल्ह्यावरून जोडली तर दक्षिणेचा आकडा विनाकारण फुगतो. ‘जिल्हा’ या रकान्यापुढे कुठल्या सालची रचना ते लिहिलं नसेल, तर एजंटला हे कळायची काहीच सोय नाही, आणि माणसालाही नाही. तालुक्यावरून जोडणं जास्त सुरक्षित, पण तिथेही धारबांदोडा जुन्या तक्त्यांत स्वतंत्र मिळणार नाही, हे लिहून ठेवा.

सगळ्या कॅटलॉगची वर्णनं लिहायला बसू नका, ते कधीच पुरं होत नाही. लॉगमधून सगळ्यांत जास्त उघडली जाणारी टेबलं काढा, तेवढ्यांचीच लिहा. बाकीच्यांना ‘अनधिकृत’ टॅग लावून क्रमात खाली ढकला. आणि वर्णन कोण लिहू शकतं यावर बंधन ठेवा. एजंट हा मजकूर वाचतो. त्यात कुणी ‘नेहमी हेच टेबल वापर’ असं लिहून ठेवलं तर तो ऐकण्याची शक्यता असते.

बदल केला, तरी जुनंच वागतो

वर्णन बदललं, सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी एजंट कालच्यासारखाच वागतो. पुष्कळ क्लायंट टूलची यादी जोडणी होताना एकदाच घेतात आणि तीच धरून ठेवतात. यादी बदलल्याची सूचना पाठवायची सोय एमसीपीत आहे, पण क्लायंटने ती ऐकली पाहिजे. आधी जोडणी तोडून पुन्हा जोडा आणि नवं संभाषण उघडा. जुन्याच चॅटमध्ये तपासू नका. तिथे आधीचे ‘डेटा नाही’वाले निकाल एजंटच्या समोरच असतात आणि तो स्वतःच्याच उत्तरावर विश्वास ठेवतो. वर्णनाच्या शेवटी आवृत्तीची तारीख टाकून ठेवली, तर एजंटला ‘शोध टूलच्या वर्णनात कुठली तारीख आहे?’ असं विचारून अर्ध्या मिनिटात उलगडा होतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

लोकांनी खरोखर विचारलेले प्रश्न लॉगमधून उचला, जसेच्या तसे, चुकीच्या स्पेलिंगसकट. प्रत्येकापुढे कुठलं टेबल सापडायला हवं त्याचा आयडी लिहा. ‘असा डेटा आपल्याकडे नाही’ हे ज्यांचं बरोबर उत्तर आहे असे काही प्रश्नही त्यात हवेत, नाहीतर एजंटला कधीच नाही म्हणू न देणारं टूल तयार होईल. वर्णनात, इंडेक्समध्ये किंवा मॉडेलमध्ये काहीही बदललं की ही यादी चालवा, आणि प्रत्येक प्रश्न एकापेक्षा जास्त वेळा. एकाच प्रश्नाला तोच एजंट दर वेळी सारखेच शब्द शोधेल असं नाही. अंतिम उत्तर तपासण्याआधी योग्य आयडी सापडला का एवढंच तपासा, म्हणजे शोधाचा दोष आणि एसक्यूएलचा दोष वेगवेगळे राहतात.

पर्यायी नावांच्या टेबलाला मात्र एक मालक नेमा, आणि तो आयटीतला नसला तर उत्तम. आमच्याकडे हे काम रिझर्व्हेशनच्या डेस्ककडे आहे. नवीन हॉटेल सुरू झालं, मोरजीचं असो की पाळोळ्याचं, की बुकिंग सिस्टिममध्ये नाव टाकतानाच ते तिन्ही भाषांतली रूपं भरतात. शून्य निकाल आलेल्या शोधशब्दांची यादी त्यांना दर सोमवारी मेलने जाते. त्यातले अर्धे शब्द टायपिंगच्या चुका असतात, काही गेस्टची नावं असतात, आणि उरलेल्यांत कुणीतरी ‘हणजूण’ (इंग्रजीत अंजुना) शोधलेलं असतं.